आभाराची एक ओळ

१

वकीलसाहेब खुर्चीत बसल्या बसल्या मेले होते. कपाळ टेबलावर टेकलेलं, डोक्याची मागची बाजू फुटून आत गेलेली, आणि शेजारी कागदावर उठावाचा शिक्का मारायचं चार किलोचं बिडाचं यंत्र आडवं पडलेलं. त्याच्या दांड्याला केस चिकटले होते. इन्स्पेक्टरबाईंनी घाव मोजले. पाच. माणूस पहिल्या-दुसऱ्या घावातच संपला असणार. उरलेले मारणाऱ्याने स्वतःच्या भीतीपोटी घातले होते.

इन्स्पेक्टरबाईंना खात्यात 'करवत' म्हणत. एकच प्रश्न पुढे-मागे घासत राहायचा आणि समोरच्याला हळूहळू कापत न्यायचं, ही त्यांची पद्धत. हे नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं बाई दाखवत, आणि आपण ते कधी घेतलेलंच नाही असं खातं दाखवत असे.

कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवायची, शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारे. हवालदाराने दहा मिनिटांत सगळी हकीकत गोळा केली होती आणि तो खुशीत होता.

"मॅडम, केस सुटल्यातच जमा आहे."

हकीकत अशी. कंपनीत एक प्रोग्रामर होता, त्याला सगळे 'दाढी' म्हणत. काल दुपारी त्याचं आणि वकीलसाहेबांचं कडाक्याचं भांडण झालं. तुमचं डोकं फोडल्याशिवाय त्यात उजेड पडणार नाही, असं तो भर ऑफिसात ओरडला. आज सकाळी आठला वकिलाचा धाकटा भाऊ, पेशाने वेल्डर, घरी विसरलेला डबा द्यायला आला तर दारात दाढी उभा, शर्ट रक्ताने माखलेला. वेल्डरने विचारपूस केली नाही. आधी मुठी, मग खुर्ची. लोकांनी सोडवेपर्यंत दाढीचा जबडा मोडला होता, तीन बरगड्या गेल्या होत्या आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीखाली चेचली होती. तो आता दवाखान्यात बेशुद्ध होता. वेल्डर खाली बेड्या घालून बसला होता, हुंदके देत होता, आणि दाढी जगला तर राहिलेलं काम पुरं करीन म्हणून सांगत होता.

"आणि हा पुरावा," हवालदाराने टेबलावरचा कागद दाखवला. कंपनीचं परवानगीपत्र. खाली पाच नावं, तिसरं दाढीचं, आणि त्या नावावर आडवी रेघ. बाजूला आजची तारीख. "वकिलाने याचं नाव खोडलं, याने वकिलालाच खोडून टाकलं."

बाई कागदावर इतक्या वाकल्या की नाक टेकायचं बाकी राहिलं. दाढीच्या नावावर रक्ताचा एक बारीक थेंब उडून वाळला होता. शाई त्याच्या अंगावरून, न तुटता, पलीकडे गेली होती.

रक्त आधी, रेघ नंतर. आणि डोकं फुटलेला वकील उठून कुणाची नावं खोडत नाही.

२

दारावरच्या नोंदवहीप्रमाणे आठच्या आत इमारतीत पाचच माणसं आली होती. वकील, दाढी, कंपनीचा मालक, प्रोग्रामरांचा प्रमुख आणि पंपांची चाचणी घेणाऱ्या बाई. पहिला मेला होता, दुसरा मरायला टेकला होता. उरले तीन.

प्रमुखाला सगळे मास्तर म्हणत, कारण त्याला काहीही विचारलं तरी तो अ-आ-ईपासून सुरू करायचा. बाईंना आज असाच माणूस हवा होता.

पंप चालवणारा प्रोग्राम एकट्या कंपनीचा नव्हता, मास्तरने सांगितलं. तो ओपन सोर्स होता. म्हणजे गावची विहीर समजा. पाणी कुणीही भरावं, गाळ कुणीही काढावा. जगातल्या शेकडो कंपन्यांचे पंप त्याच प्रोग्रामवर चालतात आणि त्यांची माणसं त्यात सुधारणा घालतात. फक्त एक अट. नोकरदाराने लिहिलेला कोड कायद्याने त्याच्या कंपनीचा असतो. तो फुकट वाटायचा तर कंपनीची लेखी परवानगी लागते. ही पाच माणसं आमच्या वतीने कोड देऊ शकतात, असं सांगणारं ते टेबलावरचं पत्र. शिवाय आपल्याकडे प्रत्येक सुधारणा वकीलसाहेब छापून घ्यायचे, अक्षर न् अक्षर समजून घ्यायचे आणि शेवटच्या पानावर सही करायचे. ती सही झाली की मगच कोड बाहेर.

"मग भांडण कशावरून?"

मास्तरने मालकाच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. दाढीला प्रोग्राममध्ये एक दोष सापडला होता. वीज डोळा मिचकावल्यासारखी गेली आणि आली, तर पंप आतापर्यंत किती औषध दिलं ते विसरतो आणि पहिल्यापासून मोजतो. रोग्याला दुप्पट डोस. दाढीने दुरुस्ती लिहिली होती, ती सगळ्या जगाला द्यायची होती, आणि वकील तीन आठवडे थांब म्हणत होते.

"मूळचा मोजणीचा भाग कुणी लिहिला?"

"मीच," मास्तर म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

मालकाने तर घाम पुसत पुसत स्वतःच कबूल केलं. दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे दोष जाहीर झाला, म्हणून वकिलाला लांबवायला त्यानेच सांगितलं होतं. काल संध्याकाळी मात्र वकील म्हणाले, आता मला झोप लागत नाही, मी रात्रभरात वाचून ठरवणार. मालकाला बाईंनी लांबवण्याबद्दलचा एकच प्रश्न पाच वेळा विचारला, पाचही वेळा तो तेच बोलला, आणि पाचव्या वेळी रडला. खोटं बोलणारा सहसा पाचव्या वेळी चिडतो.

बाई पुन्हा वकिलाच्या खोलीत गेल्या. छापलेली दुरुस्ती टेबलावरच होती, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी आकडा होता, सतरापैकी एक, सतरापैकी दोन. बाईंनी पानं मोजली आणि पुन्हा मोजली.

पानं सोळाच होती.

३

मास्तरला सतरावं पान पुन्हा छापून आणायला पिटाळून बाई तळमजल्यावरच्या चाचणीच्या हॉलमध्ये गेल्या. दोनशे पंप स्टीलच्या स्टँडवर टांगले होते आणि पाण्याचे थेंब काचेच्या भांड्यांत टपटपत होते. चाचणीबाई पन्नाशीच्या, काटक, केस घट्ट बांधलेले. अंगात नवाकोरा ॲप्रन, घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. रडून झालं होतं, आणि त्या आता कामाला लागल्या होत्या.

"माणूस गेला म्हणून पंप थांबत नाहीत, मॅडम. उद्या साठ नग जायचेत."

बोलता बोलता त्या वहीत आकडे भरत होत्या. एक आकडा चुकला. त्यांनी तो एका रेघेने खोडला, शेजारी तारीख घातली, सही केली, नवा आकडा लिहिला, आणि बोलण्यात खंड पडू दिला नाही. वकीलसाहेब म्हणजे देवमाणूस. दाढी हुशार, पण डोक्याने तापट. तरणीताठी पोरं, कोडासाठी जीव देतील नाहीतर घेतील. आपण सकाळी साडेसहापासून इथेच होतो, दाढीचा आरडाओरडा ऐकून वर गेलो.

"वेल्डरला काल काय झालं ते माहीत नव्हतं. त्याला भांडणाचं कुणी सांगितलं?"

चाचणीबाईंचं पेन थांबलं. "मीच बोलून गेले. पोराच्या अंगावर रक्त पाहिलं आणि तोंडातून निघालं, की यानेच काल डोकं फोडीन म्हटलं होतं. मला काय माहीत तो भाऊ एवढा राक्षस निघेल?"

हे त्यांनी वाईट वाटल्याच्या सुरात सांगितलं. बाईंनाही ते पटलं असतं, पण तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. दाढीचा श्वास अडखळत होता. आणि त्याची आई कुणाचंच ऐकेना. तिला इन्स्पेक्टरला काहीतरी दाखवायचं होतं, आत्ता, मुलगा जिवंत आहे तोवर.

४

दाढीचा चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. एक डोळा सुजून बंद, जबडा पट्ट्यांनी बांधलेला, उजवा हात भाकरीएवढा फुगलेला. आई उशाशी उभी होती. तिला तीनदा खुर्ची दिली होती, ती बसली नव्हती.

"त्याच्या खिशातला," तिने काच तडकलेला मोबाइल पुढे केला. "मला तो उघडता येतो. माझ्याच वाढदिवसाची तारीख आहे."

पडद्यावर वकीलसाहेबांचा संदेश होता, सकाळी सात वाजून वीस मिनिटांचा. 'अर्धी रात्र वाचलं. तुझंच बरोबर आहे, माझी चूक झाली. सही केली आहे. ये आणि घेऊन जा.'

म्हणजे दाढी खून करायला गेलाच नव्हता, हवी ती सही आणायला गेला होता. दार उघडलं तेव्हा माणूस रक्तात पडलेला. त्याने डोकं उचलून पाहिलं असणार, मदतीला धावला असणार, आणि दारातच वेल्डरच्या तावडीत सापडला.

"माझं पोर मुंगी मारत नाही हो," आई म्हणाली. "ओरडतो फक्त. बापासारखा."

बाई काही बोलणार, इतक्यात दिवे गेले. एक क्षणभरच. लगेच आले. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. पण बाईंची नजर उशाजवळच्या पंपावर गेली. पंपावर कंपनीची तीच खूण होती जी सकाळपासून त्या इमारतीत प्रत्येक दारावर पाहिली होती. मघाशी आकडा अडतीस होता. आता शून्य. मग एक. मग दोन.

"यात काय आहे?" बाईंनी नर्सला दंडाला धरून ओढलं.

"वेदनेचं औषध. चाळीसला थांबेल आपोआप."

"थांबणार नाही. पुन्हा चाळीस देईल."

नर्स वाद घालू लागली, तशी बाईंनी नळी सरळ मुठीत मुरगळून धरली आणि पंपाचं तोंड नर्सकडे फिरवलं. आई किंचाळली. डॉक्टर धावत आले, त्यांनी आकडा पाहिला, औषधाचा कागद पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या औषधाने या पोराचा श्वास अर्ध्या तासात बंद पडला असता, आणि खुर्चीच्या माराने मेला असं सगळ्यांनी लिहून टाकलं असतं. बाईंनी वॉर्डातला असा प्रत्येक पंप काढायला लावला. नर्स हाताने थेंब मोजत बसली.

खाली गाडीत हवालदाराच्या फोनवर मास्तरने सतरावं पान पाठवलं होतं. हवालदार निराश झाला होता.

"यात तर काहीच नाही, मॅडम. सहीची मोकळी जागा आणि एक आभाराची ओळ."

बाईंनी ती ओळ वाचली. मग चाचणीच्या हॉलमधली कचऱ्याची पिंपं कुणी उचलू नयेत असं त्यांनी आधी फोन करून सांगितलं.

५

हॉलमध्ये थेंब तसेच टपटपत होते. मालक, मास्तर आणि चाचणीबाई एका रांगेत उभे. हवालदार मागच्या भिंतीशी, पिंपांजवळ.

"वकिलाला मारणाऱ्याने दोन गोष्टी केल्या," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "सतरावं पान नेलं, आणि संशय दाढीवर जावा म्हणून त्याचं नाव खोडलं. मास्तर, तुम्ही खोडलं असतंत?"

मास्तर घाबरला तरी अ-आ-ईवर गेलाच. कधीच नाही, तो म्हणाला. या पत्रावरचं नाव खोडायचं नसतं. नाव खोडलं तर त्या माणसाने आजवर दिलेला सगळा कोड बिनपरवान्याचा ठरेल की काय अशी शंका येते, आणि त्यात माझाही कोड गुंतलेला आहे. माणूस गेला तर वकीलसाहेब नवं पत्र काढायचे आणि आजपासून हा नाही, एवढंच लिहायचे. त्या पत्रावरच्या पाचही जणांना हे पाठ होतं.

"म्हणजे खोडणारा पत्रावरच्या त्या पाचांतला नाही, आणि मास्तर त्यांतलेच. आता मालक. दुरुस्ती अडवायची तर यांना नुसतं नाही म्हणायचं होतं. आणि कागदच लपवायचे तर सतराच्या सतरा नेले असते. सोळा पानांत पंपाचा दोष उघडा पडलाय, ती तशीच टेबलावर. नेलं ते फक्त शेवटचं, ज्यात दोषाबद्दल अवाक्षर नाही. फक्त आभार आहेत."

ओपन सोर्सवाल्यांची एक रीत असते. दोष ज्याने पहिल्यांदा दाखवला, त्याचं नाव दुरुस्तीखाली तारखेसह लिहायचं. श्रेय चोरायचं नाही. जुन्या कागदांत दाढीला कुणाची तरी दोन वर्षांपूर्वीची टिपणी सापडली होती, वीज गेली की पंप मोजणी विसरतो अशी. पोराला आनंद झाला, आणि त्याने मान म्हणून ते नाव खाली लिहिलं.

"तुमचं नाव, बाई," इन्स्पेक्टर चाचणीबाईंकडे वळल्या. "सगळ्या जगाने वाचलं असतं, की तुम्हाला दोष दोन वर्षं माहीत होता. आणि या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या प्रत्येक पंपावर पास म्हणून तुमची सही आहे."

"मी त्याला हातापाया पडून सांगितलं होतं, माझं नाव काढ," चाचणीबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणाला, नाही हो, हा तुमचा हक्क आहे. पण त्याने काय सिद्ध होतं?"

"त्याने नाही. रेघेने. वकील नवा कागद काढतो. प्रोग्रामर ओळच पुसून टाकतो. रागावलेला माणूस फराटे मारतो. पण एकच सरळ रेघ, खालचं नाव वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख? हा या हॉलच्या वहीचा नियम आहे. सकाळी माझ्यासमोर तुम्ही तसंच खोडलंत. पत्रावर सही तेवढी तुम्ही आवरलीत. तारीख हाताने सवयीने घातली."

चाचणीबाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. मागे हवालदाराने तिसऱ्या पिंपातून एक ओला गोळा बाहेर काढला. ॲप्रन. धुऊनही तपकिरी.

पुढचं सगळं चार श्वासांत झालं. चाचणीबाईंनी जवळचा स्टीलचा स्टँड पंपासकट उचलला आणि फिरवला. पहिला फटका मास्तरच्या कानशिलावर बसला, तो भांड्यांच्या रांगेवर कोसळला, काचा आणि पाणी सगळीकडे. दुसरा हवालदाराच्या खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसरा बाईंच्या डोक्यावर यायचा होता. बाई मागे सरल्या नाहीत, पुढे घुसल्या, चाचणीबाईंना कवेत धरून टेबलावर आपटलं आणि त्यांचं मनगट पिरगळून पाठीवर नेलं. काचेने बाईंचा गाल फाटला होता आणि रक्त चाचणीबाईंच्या नव्या ॲप्रनवर ठिबकत होतं.

"पहिल्यांदा एकच पंप होता," टेबलावर गाल दाबलेल्या अवस्थेत चाचणीबाई बोलत होत्या. "माल अडला होता, म्हटलं पुढच्या खेपेला बघू. मग दवाखान्यांची पत्रं यायला लागली. अकरा. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, पंप बरोबर आहे, तुमच्या नर्सची चूक. तीन माणसं गेली. दोन नर्सना काढलं. सकाळी वकिलांना म्हटलं, फक्त ती ओळ खोडा. ते म्हणाले, सही झाली. आणि मान खाली घालून पुढचं काम वाचायला लागले."

पान त्यांनी फाडून बेसिनमध्ये वाहून टाकलं होतं. मालकाने नवीन छापलेल्या पानावर तिथल्या तिथे, ओल्या टेबलावर, सही केली. बाईंनी त्याला ती करायला सांगितली नव्हती, फक्त त्याच्याकडे पाहिलं होतं.

६

वेल्डर सकाळपासून त्याच बाकावर होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, गाळलं काहीच नाही. मग तडकलेल्या मोबाइलवरचा भावाचा शेवटचा संदेश त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला. भाऊ आयुष्यात कुणाला माझी चूक झाली असं म्हणाला नव्हता, त्यालाही नाही.

"मग मी कुणाला मारलं, मॅडम?"

बाईंनी त्याला गाडीत घातलं, आणि ठाण्याचा रस्ता सोडून गाडी दवाखान्याकडे वळवली. हे नियमात बसत नव्हतं. गालाला टाके घालायचे होते, असं त्यांनी पुढे अहवालात लिहिलं.

दाढी शुद्धीवर आला होता. एक डोळा उघडा होता आणि तो छताकडे बघत होता. वेल्डर दारातच थांबला. आईने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची फुटलेली बोटं पाहिली आणि तिला सांगावं लागलं नाही. ती चालत त्याच्यापर्यंत गेली आणि तिने त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी, तिसरी. तो मागे सरला नाही. त्याला खाली वाकावं लागलं, कारण तिचा हात पोचत नव्हता, आणि तो वाकला. बाईंनी मध्ये पडायला हवं होतं. त्या पडल्या नाहीत.

आई दमली तेव्हा थांबली. धापा टाकत तिने पलंगाकडे पाहिलं. पोराखालची चादर औषधाने आणि रक्ताने भिजून चिंब झाली होती. नर्स नवी चादर घेऊन कधीची उभी होती.

"याच हातांनी मारलंस ना?" आईने विचारलं.

वेल्डरने मान डोलावली.

"मग इकडे ये आणि उचल त्याला. नर्स एकटी आहे, माझ्याने उचलवत नाही."

बाईंनी बेडी काढली. वेल्डरने दाढीच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि श्वास रोखून त्याला वर घेतलं. दाढी कण्हला. त्याचा उघडा डोळा वेल्डरच्या तोंडावर स्थिर झाला आणि भीतीने मोठा झाला.

"हळू," आई म्हणाली, आणि तिने जुनी चादर ओढली.